टायमर मला ऐकू आला होता

शैला, सोमवारी तुझी कुपी बाहेर काढायचं ठरलंय. त्याआधी मला तुझ्याशी बोलायचं आहे.

आज तुझ्या दहाव्याहून परत आलो, आंघोळ करून लॅबमध्ये शिरलो, तर मॅडम नायट्रोजनच्या टाकीपाशी उभ्या होत्या. म्हणाल्या, "विजय, जुने नमुने सोमवारी वितळवू या. शैलाचाही काढू. तिला आवडलं असतं ना?" मी मान हलवली. मान हलवणं हेच माझं बोलणं, हे तुला ठाऊक आहे. टाकीचं झाकण उघडं होतं. पांढरी वाफ खाली उतरून लादीवर पसरत माझ्या बुटांपर्यंत आली. एकोणीस वर्षं ती वाफ बघतोय. आज मी मागे सरकलो.

दहाव्याला कावळा लगेच शिवला. पान ठेवून माणसं मागे वळलीही नव्हती. "काही राहिलं नाही हो बाईंचं," गुरुजी म्हणाले, आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तुझ्या ताईनं डोळ्यांना पदर लावला. मी मात्र घाबरलो. मनात म्हणत होतो, थांब रे जरा, एवढी घाई कशाला, माझं सांगून व्हायचंय.

तू मला मूगशेठ म्हणायचीस. तोंडात मूग धरून बसतो म्हणून. "काय मूगशेठ, आज काही बोलणार, की मोड आणून उसळच करायची?" हे तू पहिल्या आठवड्यात म्हणालीस आणि नाव चिकटलं. मी नुकताच लागलो होतो. साकीनाक्याच्या इंडस्ट्रियल इस्टेटीतला तिसऱ्या मजल्यावरचा तो गाळा, खाली पितळेला पॉलिश करणाऱ्यांची मशीनं, आणि वर आपण कपाटाच्या काचेखाली हात घालून बसलेलो. खालचं मशीन सुरू झालं की आपल्या सूक्ष्मदर्शकातलं चित्र थरथरायचं. तू टाचेनं लादीवर दोनदा ठोकायचीस, ते खाली कधीच कुणाला ऐकू गेलं नाही, आणि तरीही एकोणीस वर्षं तू ठोकत राहिलीस.

माणसाच्या कॅन्सरच्या गाठीला हात लावायला तू मला सहा महिने दिलं नाहीस. आधी बकऱ्याची तिल्ली, म्हणजे प्लीहा. देवनारच्या एका खाटकाशी तू ओळख काढली होतीस आणि स्टीलच्या डब्यात बर्फ घालून तिल्ली आणायचीस. एकदा त्या नव्या अकाउंटंटनं जेवणाच्या वेळी तो डबा उघडला. तू शांतपणे म्हणालीस, "खा की. मीठ लावायचं राहिलंय." तो माणूस वर्षभर तुझ्या पंगतीला बसला नाही.

दवाखान्यात नातेवाइकांना समजावून सांगायला तुलाच पाठवायचे, कारण बाकी कुणाला सांगता यायचं नाही. तू सांगायचीस, "काका, गाठीत नुसता आजार नसतो. आजाराशी लढायला शरीरानं पाठवलेल्या पेशीही त्यात असतात, अडकून पडलेल्या. ऑपरेशनात काढलेल्या गाठीचा छोटा तुकडा आम्हाला द्या. आम्ही त्या पेशी जिवंत बाहेर काढतो आणि त्या काय करतायत ते बघतो. मेलेल्या काय, कोणीही काढेल." मग फॉर्म पुढे करायचीस आणि आवाज बदलायचीस. "यातलं तुम्हाला काही कळवणार नाही. हा अभ्यास आहे, तपासणी नाही. नंतर फोन करून विचारू नका."

यावरून आपलं भांडण होतं. कितीदा झालं असेल. मी म्हणायचो, सांगायला काय जातं? त्यांचंच शरीर ना? पेशी भरपूर निघाल्या तर तेवढाच धीर. तू चिडायचीस. "धीर? अरे मेल्या, माणूस आकड्याला लटकतो. आकडा आपला असतो आणि जीव त्याचा." मी गप्प बसायचो. पटलं म्हणून नाही. सवय म्हणून.

मग तुझ्याच पोटात निघालं.

तू लॅबमध्येच सांगितलंस, चहा पिताना, पेपरातली बातमी सांगावी तसं. ऑपरेशनची तारीखही सांगितलीस. फॉर्म स्वतःच भरलास. "तुकडा आपल्याकडेच येणार. नाव नसेल, नुसता नंबर असेल, पण त्या दिवशी दुसरा नमुना नाहीये. तूच घे. दुसऱ्या कुणाला देऊ नकोस." आणि वर, "साबुदाण्याएवढे तुकडे कर, पोह्यासारखं चेचू नकोस, कळलं? माझं आहे म्हणून हात कापू देऊ नकोस."

हात कापला नाही. हे मला सांगायचंय. हातानं सगळं नीट केलं.

डबा अकराच्या सुमारास आला. गुलाबी पाण्यात तुझा तुकडा. मी चरबी काढली, काळा पडलेला भाग काढला, दोन पात्यांनी साबुदाण्याएवढे केले. एन्झाइम घातलं. अकरा चाळीसला नळी गरम पाण्याच्या त्या हलत्या यंत्रात ठेवली, अंगाइतक्या उबेत. पाऊण तासाचा टायमर लावला. एन्झाइम गाठीची वीण सोडवतं आणि पेशी सुट्या करतं, पण त्याला थांबवावं लागतं, नाहीतर ते पेशींनाच खायला लागतं. हे तू मला तिल्लीवर शिकवलंस. तीन वेळा वाट लावली होती मी तेव्हा, आणि तिन्ही वेळा ती चिकट शेंबडासारखी गाठ तू माझ्याच हातानं टाकायला लावलीस.

बाराच्या सुमारास ताईचा फोन आला. दवाखान्यातून. "विजय, पॉट उघडल्यानी... सगळीकडे पसरलेला आसा म्हणतत. सगळा काढूक जमला नाय." मी ठीक आहे म्हणालो. खरंच असंच म्हणालो, ठीक आहे. फोन ठेवला, हातमोजे काढले आणि बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

आजवर कुणाला सांगितलं नाही ते असं. मी विसरलो नव्हतो. टायमर मला ऐकू आला होता. दाराच्या आत, आठ-दहा पावलांवर तो टिणटिण करत होता आणि मी जिन्याच्या कठड्याला धरून उभा होतो. तो वाजून वाजून आपोआप थांबला. तरी मी गेलो नाही. कारण आत गेलो तर गाळावं लागणार, मग यंत्रात फिरवावं लागणार, मग सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून मोजावं लागणार. जोवर मोजलं नव्हतं, तोवर तुझ्या आत काय आहे ते मला माहीत नव्हतं. मला ते माहीत करून घ्यायचं नव्हतं. खाली पितळ घासणं चालू होतं. मी त्याचा आवाज ऐकत उभा राहिलो. बस इतकंच. एखादा माणूस बुडताना काठावर कोणी उभं राहावं, तसा.

आत गेलो तेव्हा अडीच वाजले होते.

नळी तिरकी केली आणि कळलं. चिकट. तरी गाळलं, फिरवलं, धुतलं. निळा रंग घातला. मेलेल्या पेशीत रंग शिरतो आणि ती निळी होते, जिवंत पेशी रंग आत घेत नाही, चमकत राहते. आणि तुझा नियम: "निळ्यात फार वेळ ठेवायचं नाही, तो जिवंतांनाही खातो. पटकन मोज, पटकन लिही." मी डोळा लावला. निळं. चौकोनामागून चौकोन निळं. मधेच कुठेतरी एखादी चमकत होती, वस्तीत एखाद्याच खोलीत दिवा असावा तशी. त्या मी मोजल्यासुद्धा. पण लिहिल्या नाहीत. आधीच्या पानावरच्या चांगल्या नमुन्याचा आकडा बघितला, थोडा वरखाली केला आणि तो लिहिला. उरलेलं गोठवायच्या द्रवात घालून कुपी बंद केली, नंबर घातला, टाकीत सोडली. वाफ वर आली आणि झाकण लागलं.

पाचव्या दिवशी तुला भेटायला आलो. तू नळ्यांमध्ये पडून होतीस. ताई औषधं आणायला खाली गेली आणि तू लगेच विचारलंस, "काय मूगशेठ, माझी माणसं कशी आहेत?"

तू विचारायला नको होतंस, शैला. आयुष्यभर दुसऱ्यांना नाही म्हणालीस, नंतर फोन करून विचारू नका म्हणालीस. मला तेव्हा नियमामागे लपता आलं असतं. तू शिव्या घालून गप्प बसली असतीस. पण मी बोललो. तोवरच्या सगळ्या वर्षांत बोललो नसेन इतकं बोललो. "झकास आहेत. काय गर्दी केलीय गं. नळीत पेशींची रिंग अशी जाड निघाली, ढगासारखी. चमकतायत नुसती." तू हसलीस, टाके दुखले म्हणून पोट धरलंस, आणि पुन्हा हसलीस. "बघ," म्हणालीस, "गिरणी कामगाराची पोर आहे. माझ्या आतलीसुद्धा संप फोडणारी नाहीत."

मला वाटलं, एवढंच. एक हसू झालं, संपलं.

तू तीन महिन्यांनी डोक्याला स्कार्फ बांधून कामावर आलीस आणि साठलेल्या नोंदवह्या ओढून घेतल्यास. प्रत्येक पान वाचून साक्षीदाराच्या रकान्यात सही करायचं काम तुझं. जिथे शंका, तिथे पेन्सिलीचा बारीक ठिपका. ठिपका दिसला की माणूस वही घेऊन तुझ्यासमोर हजर व्हायचा. वहीत व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी खरं लिहायचं, तारीख, सही. "चूक लपवलीस की ती तुझी. दाखवलीस की ती सगळ्यांची," हे तू मला पहिल्या वर्षी सांगितलं होतंस. तुझ्याच नमुन्याच्या पानावर सही करायचा तुला हक्क नव्हता. तरी तू ते पान उघडलंस. मी पलीकडच्या बाकावर पिपेट हातात धरून बसलो होतो, पिपेट रिकामी होती. पान उलटल्याचा आवाज आला. तू सही करून पुढे गेली होतीस.

मी सुटलो असं मला वाटलं.

गेल्या पावसाळ्यानंतर आजार पुन्हा आला. मुलुंडच्या त्या दवाखान्यात तुझ्याबरोबर मी होतो, ताई गावी गेली होती घर नीट करायला. डॉक्टर चांगले होते, त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "अजून एक औषध आहे. फार आशा ठेवू नका. त्रास होईल. तुमच्या जागी मी असतो तर..." ते थांबले आणि तुला विचारलं, गाव कुठलं? मालवणजवळ, तू म्हणालीस. "समुद्र दिसतो घरातून?" "घरापुढच्या खळ्यात उभं राहिलं की दिसतो." "मग जा," ते म्हणाले.

बाहेर आलो. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसलो. तू कॉफी मागवलीस आणि पेल्याला हात लावून नुसती बसलीस. मग म्हणालीस, "विजय." मूगशेठ नाही. विजय. "एकदाच विचारते. तेव्हा माझ्या पेशी खरंच जिवंत होत्या ना?"

एवढं सोपं करून तू माझ्या पुढ्यात ठेवलं होतंस. हो किंवा नाही. पोरगा फडकं मारत टेबलापर्यंत आला आणि गेला. मला वाटतं, तू खूप वेळ वाट बघितलीस.

मी मान हलवली.

"ठीक," तू म्हणालीस. "ती लढतायत आणि मी गावाला जाऊन पेज खात बसू? घेते औषध." तिथूनच ताईला फोन लावलास. "ताई, आत्ता नाही येत गं. उन्हाळ्यात येते. तू घर उघडं ठेव." ताई पलीकडून काहीतरी म्हणाली. तू म्हणालीस, "रागावू नको. आंबे होईपर्यंत येतेच."

म्हणजे एकदा बोलून खोटं सांगितलं आणि एकदा गप्प राहून. दुसरं जास्त वाईट होतं, कारण पहिल्या वेळी तू काही ठरवत नव्हतीस.

पुढचे पाच महिने मी सांगणार नाही, ते तुझे आहेत. तोंडात फोड, तळव्यांची साल, पाणी गिळताना घट्ट मिटलेले डोळे. तरी माझी मस्करी. "माझे शिपाई उपाशी आहेत रे, त्यांना काय पाठवू, रेशन?" आणि मी हसायचो. मी हसायचो, शैला. शेवटची ती खोली, खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसायचा आणि पाण्याची टाकी. समुद्र नव्हता. शेवटच्या दुपारी तू म्हणालीस, "बोल ना काहीतरी." मी म्हणालो, "नायट्रोजन भरून घेतला काल." तू डोळे मिटूनच म्हणालीस, "बरं केलंस." तुझं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं हे. तुझी कुपी त्याच टाकीत होती.

इथवर शुक्रवारी लिहिलं होतं. आता पुढचं.

शनिवारी सकाळी लवकर गेलो आणि कपाटातून ती वही काढली. सगळं कबूल करायचं असं ठरवून गेलो होतो म्हणू का? नाही. खरं सांगतो. सोमवारी कुपी उघडली की निळंच दिसणार. गोठवताना मेल्या, असं म्हणता येतं. टाकी मध्यंतरी कोरडी पडली असेल, असंही म्हणता येतं. पान आधी बघून ठेवावं म्हणून गेलो होतो.

पान उघडलं. माझंच अक्षर. एन्झाइममध्ये ठेवले, अकरा चाळीस. बाहेर काढले, बारा पंचवीस. ही खोटी वेळ मी नंतर भरली होती, पाऊण तास बरोबर जुळवून. पण त्याच्या पुढचा रकाना: गाळले, दोन पस्तीस.

ते खरं होतं. ते मी त्या दिवशी काम करता करताच लिहिलं होतं, चाळणी नळीवर ठेवली तेव्हा घड्याळ बघून. तूच लावलेली सवय, हातातलं काम खाली ठेवायच्या आत वेळ लिहायची. मी खोटं बोलत होतो आणि हात तुझं शिकलेला होता. बारा पंचवीसला काढले आणि दोन पस्तीसला गाळले. मधले दोन तास पानावर उघडे पडले होते. दोन वर्षं. कुणीही वाचले असते.

तू वाचणारी होतीस. दुसऱ्याच्या वहीतली पाच मिनिटांची चूक तू पकडायचीस. मी पान उजेडात तिरकं धरून बघितलं, पेन्सिल पुसल्याची खूण तरी असेल. ठिपका नाही. साक्षीदाराच्या रकान्यात तुझी सही, नेहमीसारखी, शेवटच्या अक्षराची शेपटी वर.

एक तर तू आयुष्यात पहिल्यांदा न बघता सही केलीस, माझ्यावर विसंबून. नाहीतर तू बघितलंस. तुला कळलं. आणि त्या हॉटेलात कॉफीपुढे बसून तू मला विचारलंस ते पेशींबद्दल नव्हतं. तू मला बोलायची एक संधी देत होतीस. मी ती घेतली नाही, म्हणून "ठीक" म्हणालीस.

यातलं कुठलं खरं, हे आता कधीच कळणार नाही. पहिलं असेल तर मी तुला फसवलं. दुसरं असेल तर... दुसरं मी अजून पूर्ण विचार करून बघितलेलं नाही. माझी हिंमत नाही.

मॅडम दहाला आल्या. मी वही घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्याउभ्याच सांगितलं. टायमर, जिना, आकडा. हॉटेलातलं नाही, ते तुझं आणि ताईचं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. पान वाचलं. दोन पस्तीसवर बोट ठेवलं.

"अशी आणखी किती पानं आहेत?"

"एकच."

"तू म्हणतोस म्हणून मानायचं?"

आपल्या कामात याला उत्तर नसतं, तुला माहीत आहे. एका खोट्या पानानं एकोणीस वर्षांची सगळी पानं संशयित होतात, माझी, आणि त्याखाली सही करणारीची. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. तुझ्या प्रत्येक सहीवर आता प्रश्न आहे, शैला. मी तुला मेल्यावरसुद्धा सोडलेलं नाही.

"कमिटीला कळवावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "रेघ मार." मी बारा पंचवीसवर रेघ मारली. आकड्यावर रेघ मारली. एकेकच, खालचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं: बाहेर काढले, दोन तीस. टायमर वेळेवर वाजला, ऐकू आला, गेलो नाही. तारीख, सही. मॅडमनी वाचून पेन घेतलं आणि तुझ्या सहीखाली आपली केली. "सोमवारी कुपी तूच काढ. मी शेजारी बसेन. त्यानंतर बेंचला हात लावायचा नाही."

रविवारी मुलुंडला तुझ्या घरी गेलो. ताई पलंगावर तुझ्या साड्या पसरून बसली होती, कुठली कुणाला द्यायची ते ठरवत. मला बघून म्हणाली, "ये रे बाबा. चाय ठेवतंय." मी म्हणालो, चहा नको, आधी ऐक. आणि हॉटेलातलं सांगितलं. माझी मान हलली ते. त्यामुळे तू गावाला आली नाहीस ते.

ताई साडीची घडी घालत होती. ती पूर्ण घातली, टोकाला टोक जुळवून.

"माका म्हणालली, आंबे होईसर येतंय," ताई म्हणाली. "खळा सारवलंय मी तिच्यासाठी. दोनदा. पयला सुकान भेगाळला, म्हणून परत सारवलंय."

मी घसरलेली एक साडी उचलून पलंगावर ठेवली.

"तुका तेव्हा तोंड नव्हता काय रे?" आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. "आता इलंस सांगूक. आता कोणाक सांगतंस? ती खंय आसा?"

दारापर्यंत ती आली. चपला घालत होतो तेव्हा म्हणाली, "तेराव्याक येव नको. जेवण तिच्या माणसांचा."

तिनं दार आपटलं नाही. हळू लावून घेतलं, आत कुणी झोपलं असावं तसं.

आज सोमवार, तुझं तेरावं. मुलुंडला आत्ता पानं वाढायला घेतली असतील. मी साकीनाक्याला, बेंचपाशी. मॅडम शेजारी स्टुलावर.

टाकीतून कुपी काढली. नंबर वाचून दाखवला. कोमट पाण्यात धरून हलवली, आत बर्फाचा एवढासा खडा उरेपर्यंत. आतल्या पेशी धुतल्या. यंत्रात फिरायला लावल्या आणि टायमर लावला. खाली पितळेचं मशीन सुरू झालं. मॅडमनी टाचेनं लादीवर दोनदा ठोकलं. तुझ्याकडून कधी उचललं असेल, त्यांच्याही लक्षात आलं नसावं.

टायमर वाजला. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. पहिल्याच टिणटिणीला मी उठलो.

निळा रंग घातला, थेंब काचेवर सोडला, डोळा लावला. निळं. ठाऊक होतं. चौकोन, पुढचा चौकोन. आणि मधेच एक चमकणारी. मग बऱ्याच वेळानं दुसरी. त्या दिवशी होत्या त्यातल्याच. त्या दिवशी मी एवढंच सांगायला हवं होतं गं, "शैला, मी वाट लावली, थोड्या वाचल्यात." तू मला आईबापावरून शिव्या घातल्या असत्यास, टाके धरून. आणि गेल्या दिवाळीला गावी असतीस, खळ्यात, पायाखाली ओलं शेण.

सगळे चौकोन संपले. चमकणाऱ्या एकूण अकरा निघाल्या. वही ओढली, आकडा लिहिला, वेळ लिहिली. मॅडमनी वाचलं आणि सही केली.

काच टाकून द्यायच्या आधी एकदा पुन्हा डोळा लावला. त्या अकराही निळ्या व्हायला लागल्या होत्या, कडेकडेनं. पण तोवर मी लिहिलं होतं.